स्पॅनिशमधला पाऊस आणि मराठी व्याकरण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांना हवामानाची क्रियापदे इंग्रजीच्या आधाराने शिकवण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिच्याविषयी हे पत्र.

'युएवे' म्हणजे पाऊस पडतो, 'निएवा' म्हणजे बर्फ पडतो, 'त्रुएना' म्हणजे गडगडते. या अर्थाने ही क्रियापदे तृतीयपुरुषी एकवचनातच येतात आणि त्यांना कर्ता नसतो. इंग्रजीला अशा वाक्यात 'इट' हे नाममात्र सर्वनाम लागते, स्पॅनिशला तेही चालत नाही. वर्गात मात्र ते 'इट' आधी गृहीत धरून नंतर 'गाळले' असे सांगितले जाते, आणि जो कर्ता मुळात नव्हताच त्याच्या शोधात विद्यार्थी अडखळतात.

वास्तविक उजाडले, सांजावले, गडगडते ही आपली भावकर्तृक क्रियापदे, म्हणजे ज्यांना वेगळा कर्ता नसतो अशी क्रियापदे, हाताशी आहेत. (स्पर्धा परीक्षांचे उमेदवार त्यांची व्याख्या घडाघडा म्हणतात, इतर बहुतेकांना ती शाळेनंतर आठवत नाही.) 'पाऊस पडतो' या वाक्यात मात्र पाऊस हा कर्ता आहे, त्यामुळे हे साम्य तिथे तुटते, आणि तेही शिक्षकाने स्पष्ट सांगायला हवे.

उकाड्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्पॅनिश माणूस 'आसे कालोर' म्हणतो, ज्यात 'आसेर' म्हणजे करणे आणि 'कालोर' हे नाम. म्हणून 'फार' या अर्थी तिथे 'मुय' नव्हे, 'मुचो' लागते. इंग्रजीतले 'व्हेरी हॉट' मनात धरणारा विद्यार्थी हमखास 'मुय' म्हणून चुकतो. नागपूरच्या मे महिन्यात 'फार उकडते आहे' म्हणताना कर्ता कोण, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. मग 'आसे' हे रूप पाहूनच तो का पडावा?

दोन्ही भाषांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात, तो भाग मला सर्वांत रंजक वाटतो. 'अमानेसेर' म्हणजे उजाडणे, पण स्पॅनिशमध्ये माणूसही त्याचा कर्ता होऊ शकतो: 'अमानेसिमोस एन नागपूर'. मराठीत 'आम्ही नागपुरात उजाडलो' म्हणता येत नाही, 'आम्हाला नागपुरातच उजाडले' असे म्हणावे लागते. स्पॅनिश जिथे कर्ता ठेवते तिथे आपण चतुर्थी वापरतो, हे इंग्रजीच्या मार्गाने गेलेल्या विद्यार्थ्याच्या ध्यानातही येत नाही.

शहरातील वर्गचालकांनी हा पाठ तरी मराठी उदाहरणांपासून सुरू करावा, अशी विनंती आहे.

आपली,
स्पॅनिशची एक शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर