फोटोतली मागची माणसं पुसू नका

महोदय,

आईचं वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झालं. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून भाचा १९८१ सालचा एक फोटो स्टुडिओत देऊन आला. माझ्या थोरल्या भावाच्या हळदीतला, कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. फ्रेम होऊन आला तेव्हा आई एकटीच होती आणि तिच्या मागे सपाट आकाशी रंग. "मागची गर्दी काढून टाकली," असं स्टुडिओवाल्यानं भाच्याला कौतुकानं सांगितलं होतं. मला तो भिंतीवर लावणं जमलं नाही.

त्या गर्दीत आमचं तरघर गाव होतं. झावळ्यांचा मांडव, ओट्यावर लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारिणी, वाळत घातलेलं जाळं, पेंढ्याची उडवी आणि सगळ्यांच्या मागे उलव्याची टेकडी. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांत आमचंही. सुमारे ९० मीटर उंचीची ती टेकडी सुरुंग लावून सपाट केली. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. आमची पोरं तिथं कामाला लागावीत असं मलाही वाटतं. पण "आजी, आपलं गाव कुठं होतं?" असं नातीनं विचारलं की बोट दाखवायला जागा उरलेली नाही. हा फोटोच काढून दाखवते.

नशिबानं मूळ फोटो परत मिळाला. तो घेऊन वहाळला चुलतीकडे गेले. ती ऐंशीच्या पुढची आहे. भिंग लावून तिनं अकरा माणसं ओळखली. "ही तुझी आत्या नाय गो, तिची जाऊ." चाळीस वर्षं मी त्या बाईला आत्या समजत होते! मागच्या बाजूला स्टुडिओच्या शिक्क्याशिवाय काहीच नव्हतं. आता मऊ पेन्सिलीनं नावं लिहिली आहेत. बॉलपेननं लिहू नये, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

बारावी बाई मात्र राहिली. डोक्यावर हंडा घेऊन फोटोच्या उजव्या कडेला उभी आहे, अर्धीच दिसते. मिठागरावर कामाला यायची, सगळे तिला मावशी म्हणायचे, एवढं चुलतीला आठवलं. नाव आठवेना. बराच वेळ भिंग हातात धरून बसली होती. सातबाऱ्यावर खातेदारांची नावं चढली, पुनर्वसनाच्या यादीत घरमालकांची. जिच्याकडे यांतलं काहीच नव्हतं, ती आमच्या गावात वावरत होती याचा पुरावा म्हणजे हा फोटो. आणि स्टुडिओत तीच पहिली पुसली गेली.

या दहा गावांतल्या घरांमध्ये असे फोटो ट्रंकेत, कपाटावर पडून आहेत. ओळखणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत. म्हणून एक विनंती आहे. आपल्या अंकात आठवड्याला एक जुना फोटो छापावा, अजिबात न कापता, आणि वाचकांकडून नावं मागवावीत. कुणाच्या तरी आजीला नक्की आठवेल.

सुरुवात आमच्यापासून करावी. मूळ फोटोची प्रत सोबत जोडली आहे. हंडा घेतलेल्या मावशीच्या कपाळावर गोंदण आहे, लुगडं गडद रंगाचं. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरीकडच्या कुणी ओळखलं तर कृपया आपल्याकडे कळवावं.

– एक वाचक, मूळ रा. तरघर, सध्या पुष्पकनगर