पुरळ नाही, तरी खाज : यकृत तपासा

मा. संपादक,
स. न.

अंगाला खाज सुटली की खान्देशात कारण तयारच असते. वैशाखात ऊन, कपाशीच्या दिवसांत फवारणी, थंडीत कोरडी त्वचा. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण चाळिशी ओलांडलेल्या बाईला अंगावर पुरळ नसताना महिनोन्महिने खाज सुटत असेल, तळहात-तळपायांना जास्त आणि रात्री गोधडीच्या उबेत आणखी वाढत असेल, तर मलमे बदलत बसू नये. यकृत तपासून घ्यावे. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, थोडक्यात पीबीसी, हा आजार पुष्कळदा असाच सुरू होतो. त्याच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांच्या अस्तरावरच उलटते. नलिका हळूहळू नष्ट होतात, पित्त तुंबते आणि आतड्यात जायचे ते रक्तात उतरते. त्यातली पित्ताम्ले, तसेच लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल नावाचा स्निग्ध पदार्थ खाजेच्या चेतातंतूंना डिवचतात, असे संशोधकांना दिसले आहे. ॲलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिनचा वाटा त्यात फारसा नाही. म्हणूनच सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीने फार तर झोप लागते, खाज जात नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम तर त्वचा पातळ करते आणि मूळ दुखणे तिथेच राहते.

‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हर ठीक’ हा समज इथे घात करतो. पीबीसीत डोळे पिवळे करणारे बिलिरुबिन फार उशिरा वाढते. एलएफटीच्या, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीच्या, कागदावर अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराची ओळ बघा. हा आकडा हाडांच्या दुखण्यातही चढतो, म्हणून जोडीला जीजीटी ही दुसऱ्या एका विकराची तपासणी करावी. तीही वाढलेली असेल तर उगम यकृतात आहे. मोठ्या नलिकेत खडा नाही ना, हे सोनोग्राफीत पाहतात आणि मग एएमए ही प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) रक्ततपासणी करतात. पीबीसीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. बहुतेकांना बायोप्सी, म्हणजे यकृताचा तुकडा काढून तपासणे, लागत नाही.

सर्वांत मोठी चूक उपचार सुरू झाल्यावर होते. पीबीसीचे मुख्य औषध अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, थोडक्यात अर्सो. त्याची मात्रा दर किलो वजनाला दिवसाला १३ ते १५ मिलिग्रॅम असते. ६० किलोच्या बाईला ७८० ते ९००. हे औषध नलिकांची झीज मंदावते, पण खाज आणि थकवा त्याने सहसा कमी होत नाही. रुग्ण म्हणतो, ‘गुण नाही’ आणि गोळी बंद करतो. तसे करू नये. खाजेचे औषध वेगळे आहे. कोलेस्टिरामिनची ४ ग्रॅमची पुडी पाण्यात किंवा रसात कालवून सकाळच्या न्याहारीच्या आगेमागे घ्यावी, कारण रात्रभर पित्ताशयात साठलेले पित्त तेव्हाच आतड्यात सुटते. मात्र ही भुकटी इतर औषधेही धरून ठेवते. अर्सो, थायरॉइडची गोळी वगैरे तिच्या आधी एक तास किंवा नंतर किमान चार तासांनी घ्यावी. दोन्ही एकत्र घेतली, तर अर्सो वाया जाते. एवढ्यानेही भागले नाही, तर डॉक्टर टीबीचे रिफाम्पिसिन कमी मात्रेत देतात. ते यकृताला इजा करू शकते, म्हणून ते चालू असताना रक्त तपासत राहावे लागते.

काविळीचा झाडपाला मात्र अजिबात नको. साध्या समजल्या जाणाऱ्या गुळवेलीनेही यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

थकव्याबद्दल घरच्यांना सांगायचे आहे. पीबीसीतला थकवा यकृत किती बिघडले यावर ठरत नाही. रिपोर्ट चांगला असूनही बाई दुपारी पार गळून जाते. त्याला आळस म्हणू नका. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, कारण थायरॉइडचा ऑटोइम्यून (रोगप्रतिकारशक्ती उलटल्याने होणारा) आजार पीबीसीसोबत वारंवार आढळतो. ते ठीक असेल, तर जड कामे सकाळीच उरकू द्या आणि दुपारच्या कामाला दुसरा हात लावा.

आपला,
एक फार्मासिस्ट, भुसावळ