खिरेश्वरच्या वाटाड्या मामांस जाहीर आभारपत्र

पुणे

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना आपण हरिश्चंद्रगडावर तारामतीच्या माथ्यापर्यंत सुखरूप नेऊन आणलेत, त्याबद्दल हे पत्र. सुट्टी लागली की पुण्याहून गडाकडे धावणाऱ्यांना आपल्यासारख्या वाटाड्यांची विद्या कळावी, म्हणून ते चारचौघांत लिहीत आहे.

तोलार खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी आपण आम्हाला भरपूर विसावा घेऊ दिलात. पुढच्या कातळटप्प्याला रेलिंग असले तरी दगड दवाने बुळबुळीत झाला होता. प्रत्येक खोबणीवर आपण आधी स्वतःचा तळवा फिरवून पाहत होतात आणि शेवाळ लागले की पाऊल दुसरीकडे ठेवायला सांगून वडिलांची टाच हातावर तोलून धरत होतात. “बाबा, घाई कुनाला हाय?” एवढेच आपले बोलणे. लाव्हाच्या थरांवर थर साचून हा सह्याद्री घडला, कठीण थरांचे कडे झाले आणि मऊ थर झिजून गवताळ पट्ट्या उरल्या, हे मी वाचले होते. त्यांतली कोणती पट्टी माणसाचा भार पेलते आणि कुठे गवताखाली सुटी माती आहे, हे मात्र आपल्यामुळे कळले.

वडिलांना काठी हवी होती. कमरेच्या आकडीत कोयता असूनही आपण ओल्या फांदीला हात लावला नाहीत. 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग, तेव्हा नियम आहेच; पण वाळून पडलेली कारवी शोधून, तिची टोके तासून देताना, सात वर्षांनी ती फुलते तेव्हा उतार कसे जांभळे होतात हे आपण ज्या जिव्हाळ्याने सांगितलेत, तो नियमापोटी येत नाही.

कोकणकड्यावर वारा खालून वर झेपावत होता. आपण वडिलांना पालथे झोपवलेत, दोन्ही घोटे घट्ट धरलेत आणि मगच कडेवरून कोकण पाहू दिलेत. तरुणपणी पाहिलेला तो कडा पुन्हा पाहण्याची त्यांची इच्छा मला एकट्याला पुरवता आली नसती. 1,400 मीटरांहून उंच असलेल्या तारामतीवर त्यांनी आपल्याला हात जोडले, तेव्हा आपण संकोचलात. पण ते मनापासून होते.

ठरल्या मजुरीपेक्षा एक रुपयाही जास्त आपण घेतला नाहीत. पुण्याला काही कामाने येणे झाले, तर आमच्याच घरी उतरावे, अशी वडिलांची आग्रहाची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
एक पुणेकर