गालिच्यावरील मूत्राचे डाग आणि फिनाइल

माननीय संपादक महोदय,

पावसाळ्यात हवा दमट झाली की कुत्री-मांजरे पाळणाऱ्या घरांतील गालिच्यांना जुनाच दर्प पुन्हा येऊ लागतो, कारण मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि धुतल्यानंतरही धाग्यांत टिकून राहतात. त्यावर अनेक घरांत फिनाइल ओतले जाते. ते कृपया थांबवावे, ही कळकळीची विनंती. फिनाइलमध्ये अनेकदा असणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. ब्लीचही वापरू नये, कारण मूत्रातील अमोनियाशी संयोग होऊन त्यातून घातक क्लोरामाइन वायू तयार होतो.

डाग ओला असतानाच तो सुती कापडाने, न घासता, दाबून टिपावा आणि थंड पाण्याने ओलावून पुन्हा टिपावा. मुरलेल्या डागासाठी एन्झाइमयुक्त (मूत्रातील घटकांचे विघटन करणारे) द्रावण गालिच्याच्या तळापर्यंत झिरपू द्यावे. मात्र लोकर आणि रेशीम ही प्रथिनेच असल्याने प्रथिने तोडणारे काही एन्झाइम त्यांच्या धाग्यालाही इजा करतात. तेथे जाणकाराला विचारावे.

चांगल्या सवयीचे मांजर अचानक गालिच्यावर मूत्रविसर्जन करू लागल्यास त्याला रागावू नये. मूत्रमार्गाचा विकार असू शकतो. विशेषतः बोक्याची लघवी अडली असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे