शाळेच्या तपासणीत मुलांच्या रक्तातलं शिसंही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सोलापुरात 31 वर्षं बॅटरी दुरुस्तीचं दुकान चालवलं. जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला, पुढे दुकान आणि मागे घर. पुणे-हैदराबाद आणि विजापूर-धुळे या दोन्ही रस्त्यांवरच्या गाड्या आपल्याकडूनच जातात, त्यामुळे ट्रकच्या बॅटऱ्यांचं काम कधी कमी पडलं नाही. पुढे लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आल्या. या धंद्यावर घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. धंद्याला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. माझ्या धाकट्या मुलाबद्दल लिहितोय, आणि आज तेच काम करणाऱ्यांच्या लेकरांबद्दल.

धाकटा शाळेत असताना दर महिन्याला बोलावणं यायचं. एका जागी बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेतो, सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतो. घरीही तेच. साखर आणि काडेपेटी आणायला पाठवलं तर साखर घेऊन यायचा, काडेपेटी राहून जायची. पोरगा मठ्ठ नव्हता. बंद पडलेला टेपरेकॉर्डर त्याने एकट्याने उघडून चालू केला होता. पण पुस्तक समोर आलं की दोन ओळींच्या पुढे डोळे टिकत नसत. शाळेत मार खाल्ला, घरी माझा मार खाल्ला. नववीत दोनदा नापास झाला आणि शाळा सुटली. "लक्ष देत नाही" हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी होते, माझ्याही. लक्ष का लागत नाही, हे कोणी विचारलं नाही.

आमचं काम कसं चालायचं ते सांगतो. काळ्या डब्याची जुनी बॅटरी असली की वरचं डांबर तापवून काढायचं आणि शिशाच्या प्लेटांचा गठ्ठा वर उपसायचा. त्यातल्या तपकिरी प्लेटा इतक्या मऊ झालेल्या असायच्या की बोटाने दाबल्या तरी भुगा व्हायचा. डब्याच्या तळाशी गाळ बसलेला असे, तो मागच्या अंगणात ओतायचा. दोन दिवसांच्या उन्हात त्याची पिठासारखी धूळ व्हायची. शिसं वितळवून पट्ट्या ओतायचं कामही तिथेच, एका लोखंडी पळीत. धाकटा त्याच अंगणात गोट्या खेळायचा. संध्याकाळी मी त्याच शर्टावर त्याला मांडीवर घेऊन जेवायला बसायचो, आणि तो शर्ट घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुवायला पडायचा.

ॲसिडला आम्ही फार भ्यायचो. शिंतोडा उडाला तर पँटला भोक, कातडीला फोड. ॲसिडच्या कॅनपाशी लेकरांना फिरकू देत नव्हतो. शिशाला मात्र कधीच भ्यालो नाही. ते भाजत नाही, त्याचा वास येत नाही, अंगावर काही दिसत नाही.

माझी पुतणी नर्सिंगला आहे. तिने गेल्या वर्षी मला या विषयावरचं बरंच वाचून दाखवलं, तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नाही. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले होते. आपण दात कौलावर फेकतो, त्यांनी दातातलं शिसं मोजलं, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत साठवतं. दुसरीकडे वर्गशिक्षकांना प्रत्येक मुलाबद्दल साधे प्रश्न विचारले. मूल चटकन विचलित होतं का, काम अर्धवट सोडतं का, साध्या सूचना पाळता येतात का? कोणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. तरीही दातात शिसं जितकं जास्त, तितक्या शिक्षकांच्या तक्रारी जास्त निघाल्या. ही आजारी दिसणारी मुलं नव्हती. चालती-बोलती, खेळती मुलं होती. 11 वर्षांनी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा शोधून काढलं, तर जास्त शिसं असलेल्यांमध्ये शाळा अर्धवट सुटण्याचं प्रमाण सात पट होतं. पुतणी हे वाचत होती आणि मला नववीतलं प्रगतिपुस्तक दिसत होतं.

माझ्या मुलाचं शिक्षण शिशामुळेच सुटलं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्याचं रक्त तेव्हा कोणी तपासलं नाही, आता तपासूनही त्या वेळचं कळणार नाही. चंचलपणाला आनुवंशिकतेसह अनेक कारणं असतात, हे डॉक्टर सांगतात आणि ते मला पटतं. पण या एका कारणाचं वेगळेपण असं की ते रक्ताच्या एका नमुन्यात मोजता येतं आणि घरातून हटवता येतं.

शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढंच शिसं पोटात गेलं तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या वस्त्यांत किती मुलांना रक्तक्षय आहे, हे कुठल्याही अंगणवाडी ताईला विचारा. युनिसेफने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या, रक्तात डेसिलिटरला (म्हणजे 100 मिलिलिटरला) 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यातली 27 कोटींहून अधिक एकट्या भारतातली. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे 2000 साली गेलं, घरगुती रंगांवर 2017 पासून कडक मर्यादा आली, हे चांगलंच झालं. पण जुन्या दारं-खिडक्यांचे पोपडे, भडक पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा रंग मिसळलेली हळद, शिशापासून केलेला शेंदूर, डोळ्यांत घालायचा सुरमा या वाटा अजून बुजलेल्या नाहीत. आणि आमच्यासारखी दुकानं आहेतच.

शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. डोळे, दात, कान, वजन-उंची बघतात. एकाग्रतेच्या आणि शिकण्यातल्या अडचणीही त्यांच्या यादीत आहेत. शिसं नाही. माझी विनंती एवढीच आहे की निदान आपल्या जिल्ह्यात त्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी: घरात किंवा शेजारी बॅटरी, भंगार, रेडिएटरचं डाग देणं, कल्हई किंवा रंगकाम यांपैकी काही चालतं का? उत्तर हो आलं की त्या मुलाचं रक्त शासनाच्या खर्चाने तपासावं. सगळ्या शहराची तपासणी मागत नाही, कारण ती होणार नाही हे मलाही कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 मायक्रोग्रॅमपासून पुढे शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असतं. बहुतेक मुलांना औषध लागतच नाही.

शिक्षकांनाही हात जोडून सांगतो. "लक्ष देत नाही" असा शेरा लिहिण्याआधी मुलाचा बाप काय काम करतो ते एकदा विचारा.

माझ्या धंदेबंधूंनो, कामाचे कपडे आणि चपला घरात नेऊ नका, वेगळ्या पाण्यात धुवा. हातपाय साबणाने धुतल्याशिवाय लेकराला उचलू नका. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, याची मला जाणीव आहे. तरी एक बादली त्यासाठी बाजूला ठेवाच. घरात झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडूने ही धूळ फक्त उडते. आणि गाळ अंगणात ओतू नका.

गेल्या दोन महिन्यांत मी पायी फिरून बॅटरी उघडण्याचं काम चालतं अशा 22 जागा वहीत लिहिल्या आहेत. त्यांतल्या नऊ ठिकाणी वर किंवा मागे कुटुंब राहतं, तीन ठिकाणी रांगणारं मूल मी स्वतः पाहिलं. कोणाला दंड व्हावा म्हणून ही वही केलेली नाही, म्हणून ती छापायला पाठवत नाही. पण महापालिकेच्या आरोग्य विभागातून किंवा शाळा तपासणीच्या पथकातून कोणी रक्ताचे नमुने घ्यायला निघणार असेल, तर मी बरोबर येईन. हे सगळे मला ओळखतात, माझ्यासाठी दार उघडतील. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बॅटरी दुरुस्ती कारागीर,
सोलापूर