तुझ्या हजार रोपांबद्दल

जत,
ता. १८ सप्टेंबर

प्रिय महेश,

परवा फोनवर तासभर बोललो, तरी मनातलं निम्मं बोलायचं राहिलंच. पुढच्या पावसाळ्यात ऑफिसातली माणसं घेऊन येतो, तुमच्या माळावर हजारभर रोपं लावू, जनावरांना आसरा होईल, असं तू म्हणालास. हे तू किती मनापासून बोललास ते मला ठाऊक आहे. म्हणून फोनवर नुसतं 'बघू' म्हटलं आणि आज सविस्तर लिहायला बसलोय. महेश, झाडं लाव, पण माळावर लावू नकोस.

आपला जिल्हा एकच, पण त्याची दोन टोकं किती वेगळी आहेत बघ. पश्चिमेला शिराळ्याच्या पलीकडं चांदोली. तिथं धो धो पाऊस, दाट रान. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून सांगलीत वन्यप्राणी म्हटलं की सगळ्यांचं बोट तिकडंच जातं. इकडं जतला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मुरमावर वीतभर माती. अशा जमिनीत गवतच जोमानं येतं. सगळीकडं झाडं तोडली म्हणूनच माळ उघडा पडला असं समजू नकोस. उघडं असणं हाच कित्येक माळांचा मूळचा स्वभाव आहे, आणि त्या उघड्यावरच जगणारी जनावरं आहेत.

लांडगा घे. वाघासारखं दबा धरून बसायला त्याला झाडी लागत नाही. तो उघड्यावर पाठलाग करतो, दिवसभरात मैलोगणती चालतो, हिवाळ्यात माळाच्या एखाद्या घळीत, बिळात पिल्लं घालतो. देशभरात लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. वाघांचा २०२२ चा अंदाज ३,६८२ होता. म्हणजे लांडगा वाघापेक्षाही कमी! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघंही पहिल्याच, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. तरी वाघ बघायला लोक पैसे मोजतात आणि लांडग्याच्या बिळात धूर करतात, तोंडाशी दगड रचतात. हे मला फार लागतं.

आमच्या मळ्याला लागून तात्यांची वस्ती आहे. माडग्याळी मेंढरं राखतात, ती पोपटासारख्या नाकाची. एकेका मेंढराची किंमत ऐकशील तर थक्क होशील. गेल्या महिन्यात त्यांचं एक कोकरू लांडग्यानं नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा तात्या चिडलेले असणार असं धरूनच गेलो होतो. ते म्हणाले, "लांडगा येतो, एक घेतो, जातो. त्याला पोट हाय. ही मोकाट कुत्री आली की धा फाडून टाकत्यात आन खात एकबी न्हाईत." मग भरपाईचं विचारलं. शासनाची भरपाई असते हे त्यांना माहीत आहे. पण, "पंचनाम्याला मेलेलं मेंढरू दाखवाय पायजे का नको? त्यानं तर उचलून न्हेलं. मी काय दाखवू, रिकामी वाघूर?" वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. यावर मला बोलता आलं नाही. लांडगा जगवायचा सगळा भार आपण या माणसावर टाकलाय, आणि त्याच्या हातात काहीच ठेवलेलं नाही.

कुत्र्यांचं तात्यांनी म्हटलं ते नीट ध्यानात घे. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, हॉटेलचं खरकटं यावर कुत्र्यांची टोळकी पोसली जातात. ती मेंढरं फाडतात आणि नाव लांडग्याचं होतं. त्यांच्याकडून रेबीज येतो, डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग येतो. गीरमध्ये २०१८ साली डिस्टेंपरनं सिंह मेले, तिथं मूठभर लांडग्यांच्या कळपाचं काय होईल? शिवाय लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो. पुणे जिल्ह्यात तो जनुकीय तपासणीत सिद्धही झालाय. असं होत राहिलं तर गोळी न घालताही लांडगा संपेल.

आता पक्षी. माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी, सगळे जमिनीवरच अंडी घालतात. त्यांचा बचाव एकच: चारी बाजूंनी लांबवर दिसलं पाहिजे. मध्ये झाडं उभी केलीस की कावळ्यांना बसायला जागा झाली, आणि वरून घरटं दिसलं की अंडी गेलीच. थंडीत लांबून येणारे भोवत्या ससाणे रात्री गवतातच उतरतात. आणि आपण लावतो काय? गिरिपुष्प, सुबाभूळ. लवकर वाढतात म्हणून. त्यांच्या दाट सावलीत गवत धरत नाही. शिवाय आधी चर खणताना माळाचं पोट फाडलं जातं ते वेगळंच.

माळढोकाचं तुला माहीतच आहे. शेजारच्या सोलापुरात नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज सबंध देशात दीडशेही माळढोक उरलेले नाहीत, बहुतेक सगळे जैसलमेरकडं. मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी जड, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं उडताना समोरची वीजवाहक तार त्याला वेळेत दिसत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो सौम्य केला. ढालगावच्या पवनचक्क्यांखालून जाताना दर वेळी माझी नजर त्या तारांकडं जाते.

तू विचारशील, मग शेतकऱ्यानं काय करायचं? म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं, माळ फोडून लोकांनी द्राक्षं आणि डाळिंब लावलं. मला त्याचा आनंदच आहे. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या आया-बहिणी मी लहानपणापासून बघितल्यात, त्यांच्या दारात पाणी आल्यावर माळ गेला म्हणून मी रडणार नाही. पण म्हणूनच उरलेली गायरानं आणि वनखात्याचे गवताळ पट्टे लाखमोलाचे झालेत. सरकारी नकाशांत यातलं बरंचसं ओसाड म्हणून मोजलं जातं, आणि ओसाड दिसलं की कुणी सोलर लावतो, कुणी रोपं. तिथलं गवत तसंच राहू दिलं, तर मेंढरं, लांडगा आणि चंडोल तिघंही जगतील.

तुझ्या ऑफिसचे पैसे खर्चच करायचे असतील तर आसपासच्या वस्त्यांवरच्या कुत्र्यांचं लसीकरण करू. जनावरांच्या डॉक्टरांशी मी बोलतो, राखणीच्या कुत्र्यांपासून सुरुवात करू. पंचनाम्याला फोटोसह अर्ज कसा द्यायचा हे दोन-चार पोरांना शिकवू, म्हणजे तात्यांसारख्यांना हात मिळेल.

दिवाळीच्या आधी ये. नंतर तात्या मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात, शेतात खतासाठी बसवायला, मग ते भेटायचे नाहीत. त्यांच्याशी तू स्वतःच बोल. माझं पटलं नाही तर आपण भांडू, पण माळावर उभं राहून भांडू.

आणि रोपांची ऑर्डर दिली असशील तर रद्द करू नकोस. ओढ्याकाठी करंज आणि जांभूळ, शाळेच्या आवारात चिंच आणि कडुनिंब लावू. शंभरेक खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
संजू