मूत्रपिंड काढल्यानंतरची तपासणी

महोदय,
मूत्रवाहिनीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची माहिती देणारा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. वर्णन नेमके आहे. मात्र रुग्ण घरी गेला, इथे लेख थांबतो हे खटकले. या आजारात मूत्रपिंड, संपूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला मिळते तो भाग काढला, तरी मूत्राशयाचे आतले अस्तर मूत्रवाहिनीच्या अस्तराच्याच जातीचे असते. पुढे २२ ते ४७ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात पुन्हा गाठ आढळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात मायटोमायसिन या कर्करोगविरोधी औषधाचा एकच डोस दिल्यावर पहिल्या वर्षातील हे प्रमाण २७ वरून सुमारे १६ टक्क्यांवर आले. म्हणजे डोस दिला तरी मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी (सिस्टोस्कोपी) टळत नाही, आणि पहिली तर तीन महिन्यांतच करायची असते.

आपल्याकडे टाके निघाले, जखम भरली की गावाकडचा रुग्ण सहसा पुन्हा फिरकत नाही. लघवीतून रक्त गेले तरच घाबरून येतो. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी ‘सिस्टोस्कोपी, तीन महिने’ एवढेच इंग्रजीत, तेही डॉक्टरी अक्षरात खरडलेले! पुढच्या तपासणीची तारीख रुग्णालयांनी मराठीत, ठळक लिहून द्यावी आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून समजावून सांगावी.

— एक वाचक, सातारा